राहिलेला ठिपका

पेणच्या तात्या म्हसकरांच्या कारखान्यात एक नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मैथिली डोळ्यांना बसली की सगळ्यांनी गप्प व्हायचं.

मूर्ती आता यंत्रं घडवत. शाडूचा ओला लगदा एका बाजूनं आत जाई आणि दुसऱ्या बाजूनं सोंड, मोदक, उंदीर सगळं जागच्या जागी घेऊन गणपती बाहेर येई. अंगाचा रंगही यंत्रच देई. एका वर्षी डोळेसुद्धा यंत्रानं काढून पाहिले होते. रेघ न् रेघ अचूक आली. पण सण संपल्यावर एक आजोबा मुद्दाम कारखान्यात येऊन सांगून गेले, "बाप्पा बघत होता हो, पण माझ्याकडे नव्हता बघत." तात्यांनी त्याच संध्याकाळी यंत्राचा तो हात काढून माळ्यावर टाकला. तेव्हापासून डोळ्यांची आखणी पुन्हा माणसाकडे आली. माणूस म्हणजे त्यांची सून.

भुवईची रेघ एका दमात ओढावी लागते. ब्रश टेकला की छातीसुद्धा हलता कामा नये. मैथिली पंखा बंद करायला लावी, ओठ मिटून श्वास रोखी, आणि तिचा हात असा चाले की बघणाऱ्याला वाटावं, रेघ आधीच तिथं होती, ही नुसती धूळ पुसतेय. रेघ पुरी झाली की ती "हुंऽऽऽ" करून मोठा श्वास सोडी. लगेच टेबलाखालून तसाच एक बारका "हुंऽऽऽ" येई.

ती जुई. पाच वर्षांची. पाळणा कारखान्यातच टांगलेला, त्यामुळे बोलायच्या आधी ती आईबरोबर दम धरायला शिकली होती. "अगं, एक दिवस निळी पडेल ही पोर तुझ्या नादानं!" तात्या ओरडत. मग जुई टेबलाखालून डोकं काढून तोंडावर बोट ठेवी. "शूऽऽ! आई आखतेय."

एवढ्या डोळ्यांची मालकीण, पण दोन वर्षं झाली, मैथिली एक गोष्ट करत नव्हती. बुबुळातला पांढरा ठिपका. ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं असतं, पण तो पडला की डोळा बघायला लागतो. मैथिली सगळा डोळा काढी आणि ब्रश तात्यांच्या हातात देई. तात्यांचा हात आताशा कापे. तरी ते चष्मा पुसत पुढे येत, ठिपका टेकवत, आणि एका शब्दानं विचारत नसत. तेवढी त्यांची माया होती.

*

जुईच्या घशातल्या गाठी सुजून बोराएवढ्या झाल्या होत्या. झोपेत तिचा श्वास अडके, थांबे, मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू होई. ऑपरेशनला पर्याय नव्हता. पनवेलच्या मुलांच्या रुग्णालयात तारीख मिळाली, आणि त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आईला भेटायला बोलावलं.

डॉक्टर फरीदा मुकादम पन्नाशीच्या होत्या. केस पांढरे, पायात लाल बूट. "चहा घेतलात का? नाही? बरं झालं, मला पण निमित्त मिळालं," असं म्हणत त्यांनी दोन पेले भरले आणि टेबलावर मऊ कापडाचे दोन पट्टे ठेवले. एक मोठा, एक इवलासा.

"ह्याचं नाव सोबत. एक तुमच्या मनगटावर, एक जुईच्या."

त्यांनी जे सांगितलं ते मैथिलीला लगेच पटलं, कारण ते तिला ठाऊकच होतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं. लहान मूल दवाखान्यात शिरलं की डॉक्टरकडे बघत नाही, सुईकडेही बघत नाही. ते आईचं अंग वाचतं. आईच्या हाताचा घाम, छातीचे ठोके, श्वासाची लय. त्यावरून मुलाचं शरीर आपलं आपण ठरवतं, घाबरायचं की नाही. पूर्वी आईबापांना दारातच थांबवत. पोर आत रडे, आई बाहेर रडे. पुढे त्यांना आत घ्यायला लागले, तर काही मुलं शांत झाली आणि काही दुप्पट बिथरली. कुणाच्या आईला आत घ्यावं हे आधी कळायला मार्ग नव्हता. सोबतनं तो मार्ग काढला. ते यंत्र आईची एक रेघ दाखवी, मुलाची दुसरी, आणि मुलाची रेघ आईच्या मागे किती ओढली जाते तेही दाखवी. त्याला डॉक्टर 'ओढ' म्हणत.

"आईबाप हेच आमचं पहिलं औषध झालं," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषध म्हटलं की मात्रा आली. आईची रेघ हिरवी असली की ती आत येते. तांबडी झाली की बाहेर, मग मुलाला आधी गुंगीचं सरबत पाजायचं. ह्या यंत्रानं किती पोरांचं रडणं वाचवलंय म्हणून सांगू! मी स्वतः बघितलंय."

"मग जुईलाही सरबत देता येईल की."

"तिला नको वाटतं मला. घसा आधीच अरुंद आहे. गुंगीत श्वास आणखी सैल पडतो. ती जागी असताना, आपल्या मर्जीनं मास्कमधून श्वास घेत झोपली तर सगळ्यांत चांगलं. म्हणून मला तुम्ही हव्या आहात."

मैथिलीनं एक पट्टा आपल्या मनगटावर बांधला, एक जुईच्या. जुई कोपऱ्यात लाकडी हत्तीला उपमा भरवत होती. डॉक्टर सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "समजा, आता आपण आत आलोय. मी मास्क हातात घेतलाय."

टेबलावरच्या छोट्या पडद्यावर मोठी रेघ तांबडी झाली. हत्तीला भरवणारा हात थांबला. जुईनं मान वळवून आईकडे पाहिलं आणि तिचीही रेघ हळूहळू वर चढायला लागली.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं, राणी."

डॉक्टरांनी पडदा मिटवला. "मागं कधी भूल दिली होती तिला?"

"कोपर मोडलं होतं तेव्हा. दुसरीकडे. मी होते आत."

"काय पाहिलंत?"

"काही नाही. झोपली ती," मैथिली म्हणाली आणि चहाचा पेला उचलला. तो रिकामा होता.

*

सरावासाठी दोन्ही पट्टे आणि हातात मावणारा पडदा घरी दिला होता. आठवडाभर मैथिलीनं काय काय करून पाहिलं. प्राणायाम केला, जप केला, डोळे मिटून समुद्र आठवला. नवरा, केदार, शेजारी बसून पडदा बघे.

"आता?"

"तांबडं."

"आता?"

"अगं, तू 'आता' म्हणालीस की लगेच तांबडं होतंय. विचारूच नको ना."

"मग तूच जा आत!"

"मी गेलो तर मला उचलून आणावं लागेल. रक्ततपासणीला आडवा पडतो मी, तुला माहितेय." मग त्याचा आवाज उतरला. "मैथिली, तेव्हा आत काय झालं होतं गं? तू बाहेर आलीस ती मला ओळखल्यासारखीसुद्धा बघत नव्हतीस."

"झोपली ती," ती पुन्हा म्हणाली.

उपाय सापडला तो कामात. ती एका मूर्तीला बसली होती आणि पट्टा काढायचा राहिला होता. ब्रश टेकला, श्वास थांबला, आणि केदार दारातून कुजबुजला, "अगं हिरवं! एवढं हिरवं तर माझंसुद्धा होत नाही!"

मैथिलीनं रेघ पुरी करून त्याच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं. खरंच की. आखणी करताना ती कुणाची आई नसे, कुणाची सून नसे. सगळं अंग निवांत होऊन एका टोकाशी येई. तिला हायसं वाटलं. म्हणजे तिथं गेल्यावर एवढंच करायचं. मनातल्या मनात आखायला बसायचं.

मग तिनं तसाच सराव केला. भाजी चिरताना, बस येईपर्यंत थांब्यावर. मनात कोरा चेहरा आणायचा, भुवईशी ब्रश टेकवायचा, दम धरायचा. पट्टा हिरवागार. चिमुकल्या पट्ट्याची रेघही तशीच, आईला चिकटून. दुसऱ्या भेटीत डॉक्टर मुकादमांनी पडदा बघून चक्क टाळी दिली. "दोन आठवड्यांत एवढा फरक मी पाहिला नव्हता. कसं जमवलंत?"

"कामातच आहे ते," मैथिली लाजून म्हणाली. काय ते तिनं सांगितलं नाही, आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही. हिरवं ते हिरवं.

*

ऑपरेशनच्या सकाळी जुई निळ्या टोपीत गणपतीच्या उंदरासारखी दिसत होती. केदारनं दारापाशी तिचा पापा घेतला आणि घाईनं पाठ फिरवली. मैथिलीच्या अंगावर हिरवा झगा, मनगटावर पट्टा. पट्टा हिरवा. दार उघडलं.

तोच वास. तोच गोल दिवा.

ती आखायला बसली. मनात ब्रश घेतला. जुई मांडीवर होती, पाठ आईच्या छातीला टेकलेली आणि तोंड वर, आईकडे. डॉक्टर मुकादमांनी स्ट्रॉबेरीच्या वासाचा मास्क पुढे आणला. जुईनं तो हुंगला आणि आपल्या हातानं तोंडावर धरला. शेजारी हाताखालचा तरुण डॉक्टर, निनाद, पडद्यापाशी उभा होता.

"मस्त आहे मॅडम. दोघी हिरव्या. ओढ तर पुरी भरलीये."

मैथिलीनं जुईच्या डाव्या भुवईवर नजर टेकवली. श्वास रोखला. हात दगडासारखा स्थिर झाला.

यंत्राला एक रबरी पिशवी लोंबत होती. मूल श्वास घेई तशी ती आकसे आणि फुगे. डॉक्टर मुकादमांची नजर पडद्यावर नव्हती, त्या पिशवीवर होती.

पिशवी हलत नव्हती.

"जुई, बाळा, श्वास घे बरं."

जुईनं मोठे मोठे डोळे करून त्यांच्याकडे पाहिलं. गाल फुगलेले होते. पडदा शांत हिरवा. पिशवी लुळी.

"मॅडम, घेत नाहीये ती," निनाद म्हणाला. "पण सगळं हिरवं दिसतंय. घाबरलेली नाही."

"जुई, राजा, फुंकर मार. मेणबत्ती विझव."

जुईनं मास्कवरचा एक हात काढला आणि तोंडापाशी नेऊन बोट उभं धरलं. शूऽऽ. मास्कमधून, उरलेल्या हवेत, अस्पष्ट आलं, "आई आखतेय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मैथिलीला सगळं कळलं. आपण इतके दिवस घोकलं ते काय घोकलं, ते एका झटक्यात समोर आलं. मनगटावरचा पट्टा तांबडालाल झाला.

"मॅडम, आईची रेघ गेली. बाहेर न्यायचं ना? सरबत काढू?"

"थांब." डॉक्टर मुकादम मैथिलीच्या समोर वाकल्या. आवाज असा, जणू दोघी भाजी घेत उभ्या आहेत. "तुम्ही श्वास रोखलात का आत्ता?"

"हो. गणपतीचे डोळे आखताना रोखते मी. तीही रोखते. लहानपणापासून. मला वाटलं..." ती उठायला लागली. "मी जाते बाहेर. माझ्यामुळेच होतंय हे."

"रेघ झाली की काय करता?"

"सोडते."

"मोठा?"

"मोठा. तीही."

डॉक्टरांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "मग मनात कशाला? हाताला काय झालंय? आखा."

निनादनं तांबड्या रेघेकडे बोट केलं. "मॅडम, नियम आहे..."

"नियम मीच लिहिलाय. त्याला मी समजावते नंतर."

 मैथिलीच्या डोळ्यांतलं पाणी मास्कवर पडत होतं. तिनं बोट जुईच्या भुवईशी टेकवलं. दम धरला, रेघ ओढली. हातात ब्रश असता तर वाकडी आली असती. दम सोडला. "हुंऽऽऽ."

"हुंऽऽऽ," मास्कमधून आलं. मग जुईनं अशी भरून हवा आत घेतली की पिशवी पुरती आकसली.

"शाब्बास! दुसरी," डॉक्टर म्हणाल्या.

उजवी भुवई. हुंऽऽऽ. पिशवी फुगली, आकसली. पापणीची कड. हुंऽऽऽ. मैथिलीचा पट्टा तांबडाच होता, तो तिनं बदलायचा प्रयत्नच सोडून दिला होता. ती घाबरली होती, रडत होती आणि आखत होती. निनाद पडद्याकडे बघत राहिला. मोठी रेघ तांबडी आणि तिच्याखाली इवली रेघ हिरवी, आपली आपण चाललेली. पण दोघींचे श्वास एकाच टाक्यानं शिवावेत तसे.

जुईच्या पापण्या जड व्हायला लागल्या. "आई," ती जड जिभेनं अडखळत म्हणाली, "ठिपका?"

मैथिलीचं बोट हवेत थांबलं.

डॉक्टर मुकादम तिच्या कानाशी आल्या. "आता मी सांगते ते ऐका. तिचे डोळे वर जातील. अर्धे उघडे राहतील, आणि त्यांत कुणी नसल्यासारखं दिसेल. हातपाय थोडे झटकेल. मग एकदम जड होईल. हे सगळं झोपेचंच आहे. मी रोज बघते. तुम्हाला बघायचं नसेल तर आत्ता मान वळवा, कुणी काही म्हणणार नाही."

मागच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा दोष नव्हता, सगळे घाईत होते. मैथिलीनं ओठ आवळले. मान वळवली नाही.

"ठिपका उठल्यावर," ती जुईला म्हणाली. "उठलीस की काढते. मीच."

"तात्या नाही?"

"तात्या नाही. मी."

डोळे वर गेले.

*

बाहेरच्या बाकावर केदार पाण्याची बाटली घट्ट धरून बसला होता. ह्या वेळी त्यानं काही विचारायच्या आत ती बोलायला लागली.

"मागच्या वेळी तिचे डोळे उघडे होते, केदार. आणि त्यांत काही नव्हतं. मी एवढे डोळे काढते, मला कळतं ना, बघणारा डोळा कुठला आणि न बघणारा कुठला. मला वाटलं, गेली. एक बाई मला दंडाला धरून बाहेर नेत होत्या, 'चला, झालं,' म्हणत होत्या, आणि मला वाटलं, झालं म्हणजे काय झालं? नंतर उठली, हसली, सगळं नीट. पण ते माझ्या डोळ्यांवरून जाईना. ठिपका काढायला गेले की तेच दिसायचं."

केदारनं बाटली बाजूला ठेवली. "दोन वर्षं?" तो एवढंच म्हणाला आणि तिचा हात धरून बसला. तिचा पट्टा अजून मनगटावर होता. हळूहळू तो पिवळा झाला.

काम निनादवर सोपवून डॉक्टर मुकादम थोड्या वेळानं बाहेर आल्या. टोपी हातात, छोटा पडदा बगलेत, लाल बूट फरशीवर वाजत. "छान चाललंय आत. डोळे मिटून गाढ झोपलीये तुमची उंदीरमामी." मग त्या बाकावर बसल्या, आणि मैथिलीनं केदारला सांगितलेलं त्यांनाही सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काय पाहिलंत म्हणून. तुम्ही 'काही नाही' म्हणालात आणि मी पुढच्या कागदाकडे वळले. दुसऱ्या वेळी हिरवं बघून टाळी दिली. एवढं हुशार यंत्र हाताशी असलं की माणूस विचारायचं विसरतो बघा." त्यांनी पडदा मांडीवर घेतला आणि मैथिलीला दोन रेघा दाखवल्या. "हे बघा. आम्ही समजत होतो, मूल आईची भीती उचलतं. उचलतंच. पण इथं बघा, तुम्ही कडेलोटाच्या टोकावर आहात आणि ती निवांत. कारण तिनं तुमच्या भीतीपेक्षा तुमची रोजची चाल ओळखली. दम धरणारी, रेघ ओढणारी आई तिच्या माहितीची आहे. मनातल्या मनात दगड होऊन बसलेलीसुद्धा तिच्या माहितीची. म्हणून तर तिनं दम धरला! मी इतकी वर्षं आयांना शांत व्हा म्हणून सांगत आले. आता विचारीन, तुम्ही दोघं मिळून रोज काय करता?"

"सगळे काही डोळे आखत नाहीत, मॅडम," केदार म्हणाला.

"नाहीत. पण कुणी तव्यावरची पोळी फुगताना बघत असेल, कुणी गाढ झोपायच्या आधी बोटं मोडत असेल. काहीतरी असतंच. शोधायला लागेल." त्या उठल्या, आणि जाता जाता मैथिलीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या बहिणीसारखा. "रडत रडत रेघ ओढणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. सलाम तुम्हाला."

 मैथिलीला त्या लाल बुटांना हात लावावासा वाटत होता.

*

जाग येण्याच्या खोलीत खिडकीशेजारची खाट मिळाली होती. बाहेर ऊन होतं. जुईच्या ओठांवर सुकलेली लाळ, नाकाशी नळी. मैथिली वाकून बसली होती. केदार पायापाशी.

पापण्या हलल्या. मिटल्या. पुन्हा हलल्या. मैथिलीचा श्वास आपोआप थांबला.

डोळे उघडले. आधी धुरकट, कुठंतरी छताकडे. मग ते सरकत सरकत खाली आले, आणि थांबले. आईवर.

"काढलास?" घोगरा, घसा खरवडलेला आवाज.

मैथिलीनं पाहिलं. खिडकीचा पांढरा चौकोन बारीक होऊन दोन्ही बुबुळांत उतरला होता. जरासा वर, जरासा डावीकडे. तीही ठिपका नेमका तिथंच टेकवायची.

"हो," ती म्हणाली. "पडला बघ."

आणि तिनं श्वास सोडला. "हुंऽऽऽ."

जुईचा घसा दुखत होता. तरी तिनंही सोडला.